हेंड्रिक व्हान ऱ्हीडे

हेंड्रिक आद्रियान व्हान ऱ्हीडे तॉट ड्राकेन्स्टाइन (जन्म: १३ एप्रिल १६३६, ॲमस्टरडॅम, मृत्यू: १५ डिसेंबर १६९१, मुंबईजवळच्या समुद्रात) हे डच ईस्ट इंडिया कंपनीचे सेनाधिकारी, मलबारचे प्रशासक आणि ‘होर्टुस मलबारिकुस’ या बारा खंडी वनस्पतिग्रंथाचे प्रवर्तक होते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील वनस्पतींचे स्थानिक नावांसह, मोठ्या चित्रांसह आणि औषधी उपयोगांसह केलेले हे पहिले विस्तृत मुद्रित वर्णन होय. नारळापासून डोरलीसारख्या काटेरी झुडपापर्यंत सुमारे ७४० वनस्पतींची नोंद त्यात आहे. ग्रंथावर नाव व्हान ऱ्हीडे यांचे असले तरी त्यातील माहिती प्रामुख्याने केरळमधील वैद्य इट्टी अच्युतन आणि मूळच्या गोव्याकडील कोंकणी वैद्य रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट यांनी पुरविली. त्यांची प्रमाणपत्रे ग्रंथातच छापलेली असल्यामुळे ही गोष्ट निर्विवाद आहे.

जन्म आणि बालपण

व्हान ऱ्हीडे यांचा जन्म उट्रेख्ट प्रांतातील एका सरदार घराण्यात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव एर्न्स्ट व्हान ऱ्हीडे होते. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी घर सोडले. विद्यापीठाचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. लॅटिन ही त्या काळच्या युरोपातील विद्वानांची भाषा. परंतु ज्या लॅटिन ग्रंथामुळे त्यांची कीर्ती झाली, तो लिहिण्यासाठी त्यांना इतरांच्या लेखणीचे साहाय्य घ्यावे लागले.

कंपनीच्या सेवेत

१६५६ साली ते डच ईस्ट इंडिया कंपनीत सैनिक म्हणून दाखल झाले. मिरी, दालचिनी, लवंग आणि जायफळ यांच्या व्यापारासाठी त्या वेळी डच आणि पोर्तुगीज यांच्यात संघर्ष चालू होता. रायक्लोफ व्हान खून्स या डच सेनापतीच्या नेतृत्वाखाली श्रीलंका आणि मलबार किनाऱ्यावरील पोर्तुगीज ठाणी एकामागून एक जिंकली जात होती. तरुण व्हान ऱ्हीडे यांनी या मोहिमांत भाग घेतला.

१६६२ मध्ये कोचीनजवळच्या मट्टान्चेरी येथील राजवाड्यावर डचांनी हल्ला केला. या धुमश्चक्रीत वृद्ध राणी गंगाधर लक्ष्मी यांना व्हान ऱ्हीडे यांनी सुरक्षितपणे ताब्यात घेतले. जानेवारी १६६३ मध्ये कोचीन पोर्तुगीजांच्या हातून डचांकडे गेले. त्यानंतर कोचीनच्या गादीवर डचांच्या मर्जीतील राजा बसला आणि मिरीच्या खरेदीचा मक्ता कंपनीला मिळाला. व्हान ऱ्हीडे यांचे पुढील अधिकारपद आणि त्यांचा ग्रंथ, दोन्ही या सत्तांतराच्या पायावर उभे राहिले. काही वर्षे श्रीलंका व तुतिकोरिन येथे काम केल्यानंतर १६७० साली त्यांची मलबारचे कमांडर म्हणून नेमणूक झाली. हे पद त्यांनी १६७७ पर्यंत सांभाळले.

ग्रंथामागील प्रेरणा

मलबारच्या वनश्रीने व्हान ऱ्हीडे मोहिमांच्या काळातच प्रभावित झाले होते. शेती, बागा आणि रान यांनी भरलेला हा प्रदेश जगातील अत्यंत सुपीक प्रदेशांपैकी एक आहे, असे त्यांचे मत बनले होते. तथापि ग्रंथामागे केवळ निसर्गप्रेम नव्हते. त्याची दोन व्यावहारिक कारणेही होती.

पहिले कारण औषधांचे. कंपनीच्या आशियातील रुग्णालयांसाठी औषधे हॉलंडहून जहाजाने येत. अनेक महिन्यांच्या प्रवासात ती खराब होत आणि त्यांवर मोठा खर्च होई. त्यांतील कित्येक द्रव्ये मुळात भारतीय प्रदेशातूनच व्यापाऱ्यांमार्फत युरोपात गेलेली असत. तीच औषधे किंवा त्यांहून चांगली औषधे जागेवर मिळत असतील, तर त्यांची ओळख करून घेणे कंपनीच्या हिताचे होते.

दुसरे कारण राजकीय होते. व्हान खून्स यांच्या मते श्रीलंका हे कंपनीच्या सत्तेचे केंद्र असावे आणि मलबारने तिच्या अधीन राहावे. व्हान ऱ्हीडे कोचीनचे महत्त्व मांडत होते. मलबार किती संपन्न आहे याचा पुरावा म्हणूनही या ग्रंथाचा उपयोग होणार होता. अभ्यासक योहान्स हेनिगर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात या वादाची सविस्तर चर्चा केली आहे.

ग्रंथाची जुळवाजुळव

रायगडावर १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला कोचीन येथे हे काम आकार घेत होते. आरंभी मातेउस या इटालियन कार्मेलाइट पाद्र्याने वनस्पतींची रेखाटने आणि टिपणे केली. ती पुरेशी नेमकी नाहीत असे आढळल्यावर व्हान ऱ्हीडे यांनी काम नव्या पद्धतीने सुरू केले. लॅटिन मजकुराची जबाबदारी योहान्स कासेआरियुस या धर्मोपदेशकावर सोपविण्यात आली. तत्त्वज्ञ स्पिनोझा यांच्याजवळ राहून शिकलेला हा विद्यार्थी १६७७ मध्ये बटाव्हिया येथे अकाली मरण पावला. चित्रकारांत आन्टोनी खुटकिंट आणि मार्सेलिस स्प्लिंटर हे प्रमुख होते.

स्थानिक वैद्यांच्या सांगण्यावरून माणसे निरनिराळ्या ऋतूंत रानात पाठविली जात. पाने, फुले, फळे आणि बिया ज्या त्या हंगामात गोळा होत. ताज्या नमुन्यावरून चित्र काढले जाई आणि वैद्य त्या वनस्पतीचे नाव व गुण सांगत. व्हान ऱ्हीडे यांनी तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत या चर्चांचे वर्णन केले आहे. मतभेद असतानाही स्थानिक पंडित ज्या संयमाने वाद करीत, त्याबद्दल त्यांनी आदर व्यक्त केला आहे. हा खंड त्यांनी कोचीनच्या राजाला अर्पण केला.

वैद्यांचा सहभाग

इट्टी अच्युतन हे चेर्तलाजवळील कडक्करप्पळ्ळी येथील एळवा समाजातील वैद्य होते. समुद्र आणि वेंबनाड खाजण यांच्यामधील करप्पुरम नावाच्या वाळूच्या पट्टीत हे गाव वसले आहे. त्यांच्या घराण्यात ताडपत्रांवर लिहिलेली वैद्यकाची पोथी होती. तिच्या आणि अनुभवाच्या आधारे त्यांनी झाडांची नावे व उपयोग सांगितले. कंपनीचा दुभाषी इमान्युएल कार्नेरो याने त्यांचे कथन पोर्तुगीज भाषेत उतरविले आणि पुढे त्याचे लॅटिन झाले. अच्युतन यांचे एप्रिल १६७५ चे प्रमाणपत्र मलयाळम भाषेत आणि कोलेळुत्तु या जुन्या लिपीत आहे.

रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीन येथे राहणारे गौड सारस्वत ब्राह्मण होते. पोर्तुगीज राजवटीतील धार्मिक छळामुळे सोळाव्या शतकात अनेक कोंकणी कुटुंबांनी गोवा सोडून दक्षिणेचा किनारा गाठला. कोचीनमध्ये स्थायिक झालेल्या या समाजाने आपली भाषा, देवस्थाने आणि वैद्यक टिकवून ठेवले होते. तिन्ही वैद्यांनी आपल्याकडील निघंटूच्या, म्हणजे औषधी द्रव्यांच्या कोशाच्या, आधारे सुमारे दोन वर्षे माहिती दिली. त्यांचे १६७५ चे प्रमाणपत्र कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत आहे. पहिल्या खंडात त्याची प्रतिकृती छापण्यात आली. युरोपात मुद्रित झालेल्या नागरी लिपीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. कोंकणी भाषेच्या इतिहासातही या मजकुराला महत्त्व आहे.

चित्रांवरही या सहकार्याची खूण राहिली. अनेक चित्रांवर वनस्पतीचे नाव रोमन, मलयाळम, अरबी आणि नागरी अशा चार लिपींत कोरलेले आहे.

चुंडा: एका काटेरी झुडपाची नोंद

ग्रंथाची पद्धत समजण्यासाठी दुसऱ्या खंडातील चुंडा हे झुडूप चांगले उदाहरण आहे. हा खंड १६७९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात प्रामुख्याने झुडपांचा समावेश आहे. मलयाळम भाषेत चुंडा हे वांग्याच्या कुलातील, म्हणजे सोलॅनेसी कुलातील, काटेरी रानझुडपांचे नाव आहे. त्यांतील दोन प्रकार ग्रंथात स्वतंत्रपणे येतात: आनचुंडा म्हणजे हत्तीचुंडा, आणि चेरुचुंडा म्हणजे लहान चुंडा. आकारावरून थोरला-धाकटा असा भेद करण्याची ही पद्धत मराठीतही आहे. उभ्या वाढणाऱ्या झुडपाला मोठी रिंगणी आणि जमिनीवर पसरणाऱ्या झुडपाला भुईरिंगणी म्हणतात, ते याच रीतीने.

चेरुचुंडा हे मराठीतील डोरली किंवा चिचुरडी या झुडपाशी जुळते. उष्ण कटिबंधातील किनारी प्रदेशात, पडीक जमिनीवर, कुंपणांच्या कडेला आणि वाटांच्या बाजूला ते उगवते. खोडावर आणि पानांच्या शिरांवर बाकदार काटे असतात. पानांवर चांदणीच्या आकाराची बारीक लव असते. फुले जांभळट आणि वांग्याच्या फुलासारखी असतात. फळे लहान, गोल आणि पिकल्यावर नारिंगी-पिवळी होतात. आनचुंडाची पाने मोठी असून त्याच्या फळांवर दाट लव असते.

आयुर्वेदात डोरलीला बृहती आणि भुईरिंगणीला कंटकारी म्हणतात. दशमुळांपैकी लघुपंचमूळ या गटात शालपर्णी, पृश्निपर्णी व गोक्षुर यांच्यासह या दोघींचा समावेश होतो. खोकला व श्वास या विकारांवरील काढ्यांत त्यांची मुळे पूर्वापार वापरली जातात. व्यापाऱ्याच्या दृष्टीने या काटेरी झुडपाला मोल नव्हते. मिरी आणि दालचिनी यांप्रमाणे त्याचा मक्ता कोणी घेणार नव्हते. तरीही मसाल्याच्या झाडांइतक्याच निगुतीने त्याचे चित्र काढले गेले, कारण कोणती वनस्पती नोंदण्याजोगी आहे हे वैद्यांच्या माहितीवरून ठरत होते. ग्रंथातील नोंदींवर कंपनीच्या बाजारभावाचा नव्हे, तर वैद्यांच्या झोळीचा ठसा आहे, हे अशा वनस्पतींवरून दिसून येते.

स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीयस यांनी १७५३ साली वनस्पतींना द्विपद नावे देताना या काटेरी झुडपाला सोलॅनम इंडिकम असे नाव दिले आणि त्यासाठी चेरुचुंडाच्या चित्राचाही आधार घेतला. पुढे या नावाखाली एकाहून अधिक जाती मिसळल्याचे दिसून आले आणि संदिग्ध ठरल्यामुळे ते शास्त्रीय वापरातून वगळण्यात आले. आता या गटातील झुडपांसाठी सोलॅनम व्हायोलेसियम आणि सोलॅनम अँग्विव्ही ही नावे प्रचलित आहेत. आयुर्वेदाच्या पुस्तकांत मात्र जुने नाव अजूनही आढळते. शास्त्रीय नाव असे बदलत गेले. चुंडा हे स्थानिक नाव साडेतीन शतकांनंतरही केरळमध्ये त्याच रूपात चालू आहे.

मुद्रण

१६७७ मध्ये मलबार सोडून व्हान ऱ्हीडे बटाव्हियाला आणि तेथून १६७८ मध्ये मायदेशी गेले. त्याच वर्षी ॲमस्टरडॅम येथे पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्याचा आरंभ नारळाने होतो. पहिल्या खंडावर लायडन येथील प्राध्यापक आर्नोल्ड सायेन यांनी टिपा लिहिल्या. त्यांच्या निधनानंतर यान कॉमेलिन यांनी हे काम हाती घेतले. बारावा खंड १६९३ मध्ये बाहेर पडला. सर्व खंड मिळून ताम्रपटांवरून छापलेली ७९० हून अधिक चित्रे आहेत. शेवटचा खंड छापून होईपर्यंत व्हान ऱ्हीडे हयात नव्हते आणि कॉमेलिनही १६९२ मध्ये निवर्तले होते.

उत्तरायुष्य

मायदेशी व्हान ऱ्हीडे यांनी उट्रेख्ट प्रांताच्या सरदारमंडळात स्थान मिळविले आणि मायड्रेख्ट येथील जहागीर घेतली. १६८४ साली कंपनीने त्यांना विशेष आयुक्त नेमले. बंगाल, कोरोमंडल, श्रीलंका, मलबार आणि सुरत येथील कंपनीच्या वखारींतील भ्रष्टाचार व खासगी व्यापार यांची चौकशी करणे हे त्यांचे काम होते.

वाटेत १६८५ मध्ये ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील केप वसाहतीत थांबले. तेथील कंपनीच्या गुलामांविषयी त्यांनी नियम केले. डच पित्यापासून झालेल्या गुलाम मुलांना ठरावीक वयानंतर आणि ठरावीक अटींवर मुक्त करण्याची तरतूद त्यांत होती. गुलामगिरीच्या प्रथेला मात्र त्यांनी हात लावला नाही. केपमधील ड्राकेन्स्टाइन या वस्तीला पुढे त्यांच्या घराण्याचे नाव देण्यात आले.

त्यानंतरची सुमारे सहा वर्षे त्यांनी बंगाल, कोरोमंडल, श्रीलंका आणि मलबार येथील ठाणी तपासण्यात घालविली. अनेक अधिकाऱ्यांवर त्यांनी कारवाई केली, त्यामुळे कंपनीत त्यांना शत्रूही पुष्कळ झाले.

मृत्यू आणि समाधी

१६९१ च्या अखेरीस ते कोचीनहून सुरतेला जाण्यासाठी निघाले. प्रवासात त्यांची प्रकृती बिघडली आणि १५ डिसेंबर १६९१ रोजी मुंबईजवळ जहाजावरच त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर विषप्रयोग झाल्याचा संशय त्या काळी घेतला गेला, परंतु तो सिद्ध झाला नाही. त्यांचे शव सुरतेला नेऊन डच दफनभूमीत पुरण्यात आले. त्यांच्या दफनस्थानावर बांधलेली घुमटाकार भव्य समाधी सुरतेतील डच वास्तूंत सर्वांत मोठी असून ती संरक्षित स्मारक आहे. व्हान ऱ्हीडे अविवाहित होते. फ्रान्सिना नावाची त्यांची एक मानसकन्या होती.

मूल्यमापन आणि वारसा

लिनीयस यांच्यासह अठराव्या शतकातील अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांना भारतीय वनस्पतींची पहिली ओळख या ग्रंथातून झाली. त्यांनी कित्येक जातींची नावे प्रत्यक्ष नमुना न पाहता केवळ या चित्रांवरून निश्चित केली. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरील वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची चर्चा आजही ‘होर्टुस मलबारिकुस’पर्यंत मागे जाते. सह्याद्रीच्या दाट जंगलात आढळणाऱ्या आणि प्रचंड शेंगांसाठी प्रसिद्ध असलेल्या गारंबी या वेलीचे शास्त्रीय नाव, एन्टाडा ऱ्हीडी, हे व्हान ऱ्हीडे यांच्या स्मरणार्थ आहे.

लॅटिन भाषेमुळे हा ग्रंथ ज्या प्रदेशाविषयी आहे, त्याच प्रदेशातील वाचकांना तीन शतकांहून अधिक काळ बंद राहिला. कालिकत विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी तीन दशकांहून अधिक काळ परिश्रम करून त्यातील वनस्पतींची ओळख पटविली आणि संपूर्ण ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला. केरळ विद्यापीठाने तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. मलयाळम अनुवाद २००८ मध्ये आला. या कार्यासाठी मणिलाल यांना २०२० मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

व्हान ऱ्हीडे यांच्या कार्याचे मूल्यमापन दोन बाजूंनी केले जाते. एका बाजूला, ज्या सत्तेने तलवारीच्या बळावर मिरीचा मक्ता मिळविला, त्याच सत्तेचे मनुष्यबळ आणि पैसा या ग्रंथामागे होता. स्थानिकांचे ज्ञान त्यांना न वाचता येणाऱ्या भाषेत युरोपात गेले आणि त्याचा पहिला लाभ कंपनीला झाला. दुसऱ्या बाजूला, माहिती कोणी दिली हे लपविण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. एळवा वैद्य आणि सारस्वत वैद्य यांची नावे, त्यांचा मजकूर आणि त्यांची लिपी ग्रंथाच्या आरंभीच छापली गेली. वसाहतकाळातील अनेक संग्रहांत माहिती देणारे निनावी राहिले, हे लक्षात घेता ही बाब उल्लेखनीय ठरते.

कडक्करप्पळ्ळी येथे इट्टी अच्युतन यांच्या घराण्याची कुर्याला ही छोटी पूजावास्तू जपली जाते. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांच्या आयुष्याविषयी प्रमाणपत्रापलीकडे फारशी माहिती उपलब्ध नाही. नागरी लिपीतील त्या मजकुरामुळेच त्यांची नावे आजच्या वाचकापर्यंत पोहोचली आहेत.